उष्टा शेवट

आमच्या क्लासचे फिजिक्सचे सर कानात कापूस घालून शिकवत असत. तेही ऐन एप्रिलमध्ये, लातूरच्या उन्हाळ्यात. वर पंखा गरगरतो आहे, फळ्यावर घर्षण चाललं आहे आणि सरांच्या दोन्ही कानांतून कापसाचे बोळे डोकावत आहेत. कुणी शंका विचारली की ते उजव्या कानातला बोळा काढायचे, शंका ऐकायचे, बोळा परत घालायचे आणि मग उत्तर द्यायचे. नव्या पोरांना वाटायचं, सरांचा कान फुटला आहे. एका पालकाने तर लसूण घालून कढवलेलं तेल बाटलीत भरून आणलं. सरांनी ते मोठ्या आदराने घेतलं आणि घरी नेऊन अम्मीच्या गुडघ्यांना चोळलं.

कानाला काहीही झालं नव्हतं. गावात एक पिक्चर लागला होता आणि त्याचा शेवट सरांना ऐकायचा नव्हता.

कापूस माझ्या माहेरचा, हदगावचा. आधी ते मेडिकलमधला वापरायचे. एक दिवस स्टाफरूममध्ये माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "मॅडम, तुमच्या शेतात कापूस हाय ना? थोडा आणा की. हे मेडिकलवालं लई पातळ हाय, यातून इंटर्व्हलपर्यंतचं ऐकू येऊन राहिलंय." मी आणून दिला. दादाने विचारलं, कशाला पाहिजे? मी म्हणाले, आमच्या सरांना पिक्चर बघायचाय. दादाने पुढे काही विचारलं नाही. मी लातूरला शिकवायला आल्यापासून त्याने माझ्या बोलण्याचा अर्थ लावणं सोडूनच दिलं आहे.

पिक्चरचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तुमच्यातलं कुणीतरी लगेच मोबाइल काढेल. गोष्ट दोन भावांची होती. पहिल्या भागाच्या अगदी शेवटी दोघे धरणाच्या भिंतीवर असतात. एक वर पालथा पडलेला, दुसरा खाली लोंबकळतो आहे आणि दोघांनी एकमेकांचा हात घट्ट धरला आहे. आणि हात सुटतो. पडदा काळा. कुणी सोडला, वरच्याने की खालच्याने? की कुणीच नाही, नुसता निसटला? याचं उत्तर दुसऱ्या भागात मिळणार होतं आणि दुसरा भाग काही केल्या येत नव्हता. निर्माते आपसांत भांडले, मग लॉकडाऊन आलं, मग एक नट आजारी पडला. लोक विसरूनही गेले. सर विसरले नाहीत. ते स्टाफरूममध्ये स्वतःचा डावा हात उजव्या हातात धरून बसायचे आणि हळूच सोडून बघायचे. "मॅडम, घामाचा हात असंल तर घर्षण किती कमी होतं, बघा," म्हणायचे. मी बायोलॉजीची. मी म्हणायचे, "सर, स्नायू दमले असतील." मग आमची तासभर जुंपायची.

अशा माणसाला सांभाळणं सोपं नसतं. दुसरा भाग येणार अशी बातमी येताच त्यांनी साधा, बटणांचा फोन घेतला. सकाळचा पेपर आधी अम्मी वाचायच्या आणि सिनेमाचं पान काढून घेऊन मग सरांकडे द्यायच्या. त्या पानावर त्या लसूण सोलायच्या. न्हाव्याकडे गेले की टीव्हीकडे पाठ करून बसायचे, म्हणजे आरशाकडेही पाठच, आणि त्यामुळे त्या काळात सरांचे कल्ले कधी सारखे नव्हते. रिक्षात बसण्याआधी विचारायचे, "भाऊ, तुम्ही पिक्चर बघता का?" तो हो म्हणाला की दुसरी रिक्षा. शुक्रवारी नमाज झाल्यावर लोक मशिदीबाहेर गप्पा मारत रेंगाळतात, तेव्हा सर चपला हातात घेऊन पळत सुटायचे. एकदा मौलानांनी काळजीने विचारलं म्हणे, घरी सगळं ठीक आहे ना?

आम्ही त्यांची भरपूर थट्टा केली. त्यांना त्याचं काही वाटत नसे. "हसा," म्हणायचे, "पण मी उष्टं खात न्हाई."

उष्टं हा त्यांचा खास शब्द. दुसऱ्याने सांगितलेला शेवट म्हणजे उष्टा शेवट. याचं मूळ मला एकदा नांदेड-लातूर बसमध्ये कळलं. आम्ही दोघंही सुटी संपवून परत येत होतो. लोह्याच्या पुढे बस बंद पडली, आम्ही बाभळीखाली उभे राहिलो आणि सर बोलायला लागले. ते मूळचे नांदेडचे, घरी भांड्यांना कल्हई करण्याचा धंदा. पिक्चरला जायला मिळायचं ते थोरल्या भावाला. हा भाई पिक्चर बघून यायचा आणि जेवताना सगळा सांगायचा. मारामाऱ्यांसकट, गाण्यांसकट, शेवटासकट. धाकटे सर तोंड उघडं ठेवून ऐकायचे. "भाई सांगायचा भारी," सर म्हणाले. "पण मॅडम, त्यानं मला शंभर पिक्चर ऐकवले आणि एक बी बघू दिला न्हाई. पुढं नोकरी लागल्यावर मी गेलो हो थेटरात. पडद्यावर हिरो मरून राहिलाय, बाजूचे लोक रडून राहिलेत, आणि मी कोरडाच. मला तर दहावीतच म्हाईत होतं की हा मरणार."

हे सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की या कापसाला नुसतं हसण्यात अर्थ नाही.

आता लातूरबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या गावात बारावीची पोरं येतात ती डॉक्टर व्हायला, आणि आमचे सगळे क्लास जगतात ते उत्तरांवर. प्रश्न नंतर, उत्तर आधी. मागचं पान उघड, उत्तर बघ, मग ते कसं आलं ते जुळव. पोरं याला अभ्यास म्हणतात, आम्ही याला निकाल म्हणतो. सर एकटे याच्या विरोधात. वर्षाच्या पहिल्या तासाला ते पोरांना पुस्तकाची शेवटची पानं स्टेपल करायला लावायचे. संचालक वैतागायचे. आमचे संचालक तसे वाईट गृहस्थ नव्हेत, क्लास त्यांनी शून्यातून उभा केला. पण त्यांना थांबणं कसं ते माहीत नाही. हॉटेलात ताट यायच्या आधी ते उठून स्वयंपाकघरात डोकावतात.

"सर, तुमचा धडा संपत न्हाई अन् शेजारच्या क्लासची रिव्हिजन झाली," ते म्हणायचे.

"साहेब, त्यांनी उत्तर पाठ केलंय. माझी पोरं अजून गणितात हायेत. गणितातच राहू द्या."

पेपर काढण्याची सरांची रीतही जगावेगळी. चार पर्यायांचे प्रश्न. बरोबर पर्याय ते स्वतः लिहायचे आणि चुकीचे तीन पोरांकडून लिहून घ्यायचे. "बरोबर उत्तर कोणी बी लिहितो," ते वर्गात ओरडायचे. "चुकीचं असं लिहा की खुद्द न्यूटन चकला पाहिजे. छातीठोक लिहा! चुकीच्या उत्तराला लाजायचं न्हाई." पोरांना यात भलतीच गोडी लागली. चकवे पर्याय रचण्यात ती इतकी पटाईत झाली, की कधीकधी खऱ्या उत्तरापेक्षा त्यांचंच पटायचं. त्यात देगलूरची एक पोरगी तर अट्टल होती. दोन वेण्या, हळू आवाज, आणि तिने लिहिलेलं खोटं वाचून मी स्वतः एकदा फिजिक्सचं पाठ्यपुस्तक उघडून खात्री केली होती.

तर शेवटी तो दुसरा भाग आला. आला तोही परीक्षेच्या तोंडावर. आम्हाला वाटलं, पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला सर रजा टाकणार. सर वर्गात आले आणि खडू हातात न घेता उभे राहिले.

"तुम्ही परीक्षेपर्यंत पिक्चर बघणार न्हाई," ते पोरांना म्हणाले, "मग मी बी बघणार न्हाई. तुम्ही मागचं पान उघडायचं न्हाई, मी शेवट ऐकायचा न्हाई. बघू कोण टिकतंय. पेपर झाला की त्याच संध्याकाळी आपण सगळे जाऊ. मंजूर?"

पोरांनी बाकं वाजवली. त्या दिवसापासून कापूस सुरू झाला.

मी मात्र पहिल्याच रविवारी नणंदेबरोबर जाऊन पिक्चर बघून आले. मी काही शपथ घेतली नव्हती. सोमवारी स्टाफरूममध्ये पाय ठेवला तर सरांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि गपकन डोळे मिटले. "बघून आलात! मॅडम, तुमचा चेहरा लई बोलतो." त्याच दुपारी आमच्या दोन टेबलांच्या मध्ये त्यांनी भिंतीवरचं मोठं कॅलेंडर दोरीला टांगलं. महिनाभर आम्ही त्या कॅलेंडरच्या अल्याडपल्याड बसून डबा खाल्ला. मी लोणचं द्यायचं म्हटलं तरी खालून सरकवायचं. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण रोज तो हात खालून लोणच्यासाठी पुढे यायचा आणि राग टिकायचा नाही.

लातुरात पिक्चर फार दिवस टिकत नाही. दिवसाचे खेळ कमी कमी होत एकच संध्याकाळचा उरला. सर दर गुरुवारी कुणाला तरी थेटरावर पाठवायचे. "पुढच्या हप्त्यात हाय की न्हाई, एवढंच विचारून ये. तिसरा शब्द ऐकायचा न्हाई, बोलायचा न्हाई." माणूस परत येईपर्यंत ते जिन्यात येरझाऱ्या घालायचे. परीक्षेच्या आठवड्यात उत्तर आलं, की पुढच्या गुरुवारी उतरणार. परीक्षा त्याआधी, रविवारी. म्हणजे निभावलं. सरांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की कॅलेंडर हललं.

रविवारी संध्याकाळी पेपर सुटला आणि पोरं ठरल्याप्रमाणे क्लासच्या हॉलमध्ये जमली, घामेजलेली, हातात प्रश्नपत्रिका. पण तिथे संचालकांनी टेबलं मांडून ठेवली होती. ही आमच्या गावची रीत आहे. पेपर सुटला की तासाभरात प्रत्येक क्लास आपली उत्तरं जाहीर करतो, पोरं आपापले टिकमार्क जुळवतात, कुणाला किती पडणार ते तिथल्या तिथे ठरतं. निकाल लागायला महिना असतो, पण लातुरात तो त्याच रात्री लागलेला असतो. पोरं तिथेच नाचतात, तिथेच कोसळतात. होर्डिंग छापणारा माणूस खाली स्कूटरवर बसून वाट बघत असतो.

सर आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, अत्तर लावून. कानातला कापूस काढून त्यांनी खिशात ठेवला होता. आज पोरांचं बोलणं ऐकायचं होतं ना.

"सर, तेवढं जुळवून घ्या, मग जा तुमच्या पिक्चरला," संचालक म्हणाले.

"ते उद्या, साहेब."

"उद्या? खाली माणूस बसलाय. शेजारच्याचं होर्डिंग सकाळी चौकात लागंल!"

"लागू द्या. पोरांनी वर्षभर मागचं पान उघडलं न्हाई. आज एक संध्याकाळ त्यांना काही म्हाईत नसताना राहू द्या. उद्यापासून हायेच की समदं."

"पगार मी देतो, सर."

"पगार फिजिक्सचा देता. ही संध्याकाळ माझी न् त्यांची हाय." सर पोरांकडे वळले. "चला रे. खेळ चुकंल."

पोरं उठली. सगळी. खुर्च्या सरकल्याचा तो आवाज संचालकांना सहन झाला नसावा. त्यांचं तोंड लाल झालं.

"दोन भावांच्या त्या फालतू पिक्चरपायी माझा धंदा बुडवता काय? काय हाय त्यात एवढं? मी बघितलाय!" आणि ते बोलून गेले. कुणी हात सोडला ते, सरळ एका वाक्यात, हॉलच्या मधोमध, सरांच्या उघड्या कानांत.

काय म्हणाले ते मी लिहिणार नाही.

सरांचा हात आपोआप खिशातल्या कापसाकडे गेला आणि तिथेच थांबला. आता काय उपयोग? मी त्यांना इतकी वर्षं बघत होते, पण तसा चेहरा कधी बघितला नव्हता. एखाद्या मुलाच्या हातातून कुणी घास काढून खावा तसा तो झाला होता. मला संचालकांचा संताप आला. खरंच सांगते, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

तेवढ्यात मागून हळू आवाज आला. "सर, साहेबांचं चुकलंय."

देगलूरची पोरगी उभी होती. "हात वरच्यानं सोडला. खालच्याच्या खिशात ती चावी असती ना, ती बघून."

"काही बी काय!" एक पोरगा उसळला. "खालच्यानं सोडला. त्याला कळतं की दोघं बी जाणार. माझ्या मामानं बघितलाय, मामा रडला."

"येडे हाव काय तुम्ही? दोघांनी एकदमच सोडला. खाली जाळं होतं."

"कोणीच न्हाई सोडला. घाम! सर, तुम्हीच म्हणला होता, घर्षण!"

"वरीलपैकी एकही न्हाई," मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. "तो भाऊच नव्हता."

एकाही पोराने पिक्चर बघितला नव्हता. हे मला माहीत होतं, सरांनाही माहीत असणार. पण प्रत्येक जण शपथेवर सांगत होता, बारकाव्यांसकट, न लाजता. वर्षभर शिकवलेलं पोरं सरांना परत करत होती.

संचालक ओरडले, "अरे, मी डोळ्यांनी बघितलंय! मी खरं बोलून राहिलोय!" पण तो शोरच असा होता, की त्यांचं खरं सगळ्यांत लंगडं वाटायला लागलं. शेवटी ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही बघितलाय ना? सांगा यांना. मी खरं बोललो का न्हाई?"

सर माझ्याकडे बघत होते. मध्ये कॅलेंडर नव्हतं. माझा चेहरा लई बोलतो, हे मला एकदम आठवलं. मी मनातल्या मनात रक्ताभिसरण म्हणायला लागले. उजवी कर्णिका, उजवी जवनिका. चेहरा दगड.

"साहेब," मी म्हणाले, "तुम्ही इंटर्व्हलनंतर झोपला होता काय?"

हॉल असा काही हसला, की खालचा होर्डिंगवाला वर येऊन बघून गेला.

पुढचं सांगायचं तर, सरांना त्या वर्षानंतर क्लासमध्ये ठेवलं नाही. होर्डिंग लागलं त्यावर आम्हा सगळ्यांचे फोटो होते, सरांचा नव्हता. मला काढलं नाही, कारण बायोलॉजीला मॅडम सहजी मिळत नाहीत. पण त्या वर्षीची पगारवाढ विसरा, असं मला तोंडावर सांगण्यात आलं आणि मी ती आनंदाने विसरले. सर नांदेडला परत गेले. आता तिथे घराच्या माडीवर क्लास चालवतात. खाली भाई भांडी विकतो आणि गिऱ्हाइकांना पिक्चर सांगतो, म्हणून माडीचा जिना सरांनी मागच्या बाजूने काढून घेतला आहे. नवा पिक्चर लागला की त्यांचा मला फोन येतो. "मॅडम, सलाम. मी अजून बघितला न्हाई. काही बोलू नका." एवढं बोलून ठेवून देतात. कापूस अजून हदगावचाच जातो.

पण ती संध्याकाळ. आम्ही चालत थेटरावर गेलो, सर पुढे, पोरं मागे, सर्वांत शेवटी मी. थेटर निम्मं रिकामं होतं, आम्हीच ते भरलं. मी पिक्चर बघितला नाही; मी सरांना बघत होते. धरणाची भिंत आली. दोन हात आले. सरांनी स्वतःचा डावा हात उजव्या हातात घट्ट धरला. सगळ्या रांगेत कुणी श्वास घेत नव्हतं. पडद्यावर हात सुटला आणि या वेळी तोंडं दिसली.

सर ढसाढसा रडले. आवाज करून, लाज न बाळगता. पोरंही रडली, आणि मला शेवट माहीत होता तरी मीही.

बाहेर आलो. सर थेटराच्या पायरीवर बसले आणि शर्टाच्या बाहीने तोंड पुसत राहिले. पोरांना दम निघेना.

"सर, कोणाचं उत्तर बरोबर आलं?"

"साहेबांचं," सर म्हणाले.

पोरांची तोंडं उतरली. देगलूरची पोरगी तर वेणीचं टोक पिळत म्हणाली, "म्हंजे सर, तुम्हाला आधीच..."

"काय आधीच?" सर ताडकन उभे राहिले. "थेटरात शिरताना माझ्याजवळ सहा शेवट होते. साही पटत होते! हात सुटेपर्यंत अल्लाकसम मला ठाऊक नव्हतं." मग ते माझ्याकडे वळले. डोळे अजून ओले होते आणि चेहरा असा, की दहावीतलं पोरगं पहिल्यांदा पिक्चर बघून आलं असावं.

"ताजं होतं, मॅडम," ते म्हणाले. "एकदम ताजं."